अंगणवाडीताईंनी पोरांचं मनही बघायचं का?

बोरीबाभळ
दिवाळी झाली की आमच्या बीडमधल्या केज तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. शाळेतल्या पोरांना निदान हंगामी वसतिगृह असतं. साडेतीन वर्षांच्या लेकराचं काय? बरोबर नेलं तर उसाच्या फडाशेजारची कोपी, म्हणजे झोपडी, मागं ठेवलं तर आजी.

माझी चुलती अंगणवाडी सेविका आहे. गेल्या हंगामात तिच्याकडची एक पोरगी रोज दारातच बसायची. खिचडीची ताटली आत ठेवली तरी आत येईना. आजी म्हणायची, रुसलीय. वजन घेतलं, उंची घेतली, सगळं बरोबर. वैशाखात आई परत आली तर पोरगी आजीच्या पदराआड लपली. आईच हमसून रडली.

माझं मत असं की वजनकाट्याइतकीच नजर मनावरही हवी, आणि ती सेविकेचीच. गप्प झालेलं लेकरू ओळखायचं, महिन्यातून एकदा आज्यांची बैठक घ्यायची, आईचा फोन ठरल्या वेळी लावून द्यायचा. एवढंच.

रजिस्टरवाली
"एवढंच" वाचून हसू आलं. एकोणीस वर्षं सेविका आहे. पोषण ट्रॅकरच्या ॲपात माहिती भरा, आहार वाटा, गृहभेटी करा, लसीकरणाला बाळं गोळा करा, निवडणूक आली की बीएलओ होऊन मतदारयादीचं काम करा. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो, पन्नास दिवसांवर चालला तो, उगाच नाही. मिळतं ते मानधन, पगार नव्हे. आणि दारात बसलेली पोरगी मला दिसत नाही असं वाटतं का? दिसते. दिसल्यावर पाठवू कुठं, ते सांगा.

कडुलिंब
जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलांची तपासणी करणारं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तिथून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवता येतं. अडचण अशी की एखादी फेरी हंगामात आली तर टोळीबरोबर गेलेलं लेकरू गावातच नसतं. ते सुटलं की पुढची फेरी कधी, देव जाणे.

पण बोरीबाभळ, मूळ मुद्दा मला पटत नाही. आम्ही पथकवाले बघतो ते बोलायला उशीर, ऐकू न येणं, स्वमग्नता. आई गेली म्हणून पोरगी दारात बसली, हा आजार नाही. त्याला रकाना नाही आणि नसावा. एकदा शिक्का बसला की गावात तो पुसत नाही.

बोरीबाभळ
मी शिक्का कुठं म्हटलं? आजार नाही म्हणूनच डॉक्टर नको म्हणतोय.

चिंचोका
सगळे फांद्या छाटताय. मूळ आहे उचल. मुकादमाकडून घेतलेला पैसा फिटेना म्हणून आई जाते. तिला गावात काम द्या, पोरगी आपोआप आत येईल. मनाबिनाच्या बैठका म्हणजे भुकेल्याला शिट्टी.

बोरीबाभळ
मान्य. पण उचल फिटेस्तोवर ही पोरगी सातवीत जाईल.

शिरीष
(पुण्यातून लिहितोय, चूक असेल तर सांगा.) ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलतात. आज्यांना तोच दिला तर?

रजिस्टरवाली
आमच्या आज्या लेकाचा नंबर फोटो बघून लावतात, दादा. पण सुनेला देता येईल. निघायच्या आदल्या रात्री सगळ्यात जास्त तीच रडते, तिला कुणी विचारत नाही. हे बरं सुचवलंत.

कडुलिंब
एक आठवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, अंगणात नेली. म्हणजे घरच्यांशी बोलणं हे नव्यानं लादलेलं काम नाही, रजिस्टरांनी ते मागं ढकललं.

रजिस्टरवाली
अनुताईंना रोज फोटो अपलोड करावे लागत नव्हते.

तरी सांगते. बैठक नको. आज्या सकाळी लेकरं सोडायला येतातच, त्यांना पाच मिनिटं ओट्यावर बसवीन. रात्री झोपतं का, आईचं नाव काढतं का, विचारीन. आईचा आवाज फोनवर ऐकवायचा तर माझा रिचार्ज कुणीतरी भरा. आणि याचं रजिस्टर काढलंत, तर पहिल्याच दिवशी बंद करीन.