गृहविलगीकरणात रात्रीची भीती आणि ऑक्सिमीटर

प्रश्न (पुणे, ३० एप्रिल २०२१)

मला रविवारी, २५ एप्रिलला ताप आला आणि मंगळवारी कोरोनाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. वय ३८ आहे, मधुमेह किंवा रक्तदाब नाही. ताप आता ९९च्या आसपास असतो, थोडा खोकला आहे, वास पूर्ण गेला आहे. डॉक्टरांनी घरीच विलगीकरणात राहायला सांगितले आहे. आतली खोली माझी, बाहेर पती, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. पती जेवणाचे ताट दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून टकटक करतात आणि ते स्वयंपाकघरात पोहोचल्याची चाहूल लागेपर्यंत मी दार उघडत नाही.

दिवस कसाबसा जातो, पण रात्री दोनच्या सुमारास जाग येते, रस्त्यावर रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो आणि छाती इतकी धडधडते की श्वास पुरत नाही, बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. मग मी ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारे यंत्र, बोटाला लावते. ९६ दिसले की दोन मिनिटांनी पुन्हा लावते, ९५ दिसले की पोटात गोळा येतो. काल दिवसभरात मी तो चाळीसहून अधिक वेळा लावला असेल. एकदा ९१ दिसले तेव्हा मी पतींना हाका मारून उठवले, पण दुसऱ्या बोटाला लावल्यावर ९६ आले. त्यातच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर सतत खाटा आणि रेमडेसिविर यांचीच विचारणा चालते, आणि माझा मोठा भाऊ ते इंजेक्शन आधीच आणून ठेवण्यासाठी उन्हातान्हात फिरतो आहे. ही केवळ भीती आहे की प्रकृती खरोखर बिघडते आहे, हे कसे ओळखावे? रात्र कशी काढावी? मुलगा दाराखालच्या फटीतून चित्रे सरकवतो आणि मला रडू आवरत नाही.

उत्तर (निवृत्त परिचारिका, सांगली)

ताई, तुम्ही लिहिलेला प्रत्येक आकडा मी नीट वाचला. आधी त्या ९१ बद्दल सांगते. घाबरल्यावर हात गार पडतात, गार बोटात रक्तप्रवाह कमी होतो आणि यंत्र चुकीचा आकडा दाखवते. नखाला रंग किंवा बोटाला मेंदी असली तरी असेच होते. म्हणून मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, तळहात एकमेकांवर चोळून ऊब आणावी, हात छातीच्या उंचीवर स्थिर धरावा आणि आकडा निदान अर्धा मिनिट एका जागी टिकल्यावरच तो वहीत लिहावा. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि झोपण्यापूर्वी, अशा चार ठरावीक वेळा पुरेत. ९५ आणि ९७ यांच्यात होणारी हालचाल यंत्राच्या नेहमीच्या फरकात मोडते.

मुंग्या येण्याचे कारणही समजून घ्या. भीतीने आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच ओठ-बोटे बधिर होतात, डोके हलके होते. अशा वेळी खोल श्वास घ्यायला धडपडू नये, तर तोंडाचा चंबू करून श्वास सावकाश बाहेर सोडावा, घेण्याच्या दुप्पट वेळ घेऊन. दहा मिनिटांत घालमेल ओसरली आणि आकडा जागेवर असला, तर बहुतेक ती भीतीच होती असे समजावे.

मात्र आज तुमचा सहावा दिवस आहे, आणि हा आजार बिघडायचा असेल तर बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसांदरम्यान बिघडतो, म्हणून पुढचे काही दिवस वही सोडू नका. ऊब आणून दोनदा मोजल्यावरही आकडा ९४च्या खाली राहिला, घरात सहा मिनिटे चालल्यावर तो तीन-चार अंकांनी घसरला, एक वाक्य सलग बोलताना धाप लागली, छातीत सतत दुखले किंवा भान हरपल्यासारखे वाटले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. एरवी पाणी, पोटभर जेवण आणि झोप हेच औषध आहे.

उत्तर (ठाणे)

मी गेल्या सप्टेंबरात सतरा दिवस एका खोलीत काढले. मला सर्वांत जास्त खात होती ती एकच गोष्ट: रुग्णालयात केव्हा जायचे हा निर्णय मलाच घ्यायचा आहे, आणि झोप लागली तर ती वेळ हुकेल. शेवटी मी तो भार धाकट्या बहिणीवर सोपवला. वरच्या ताईंनी दिलेल्यासारख्या खुणा, डॉक्टरांचा क्रमांक आणि महापालिकेच्या खाटांच्या मदतकक्षाचा क्रमांक तिने एका कागदावर लिहून फ्रिजवर लावला. मी चार वेळा आकडा कळवायचा आणि पुढचे तिने ठरवायचे, असा आमचा करार होता. त्या रात्री मी पाच तास सलग झोपलो. तुमचे पती शेजारच्याच खोलीत आहेत. हे काम त्यांच्याकडे द्या आणि दोनला जाग आल्यास दार न उघडता फोनवर त्यांच्याशी बोलण्याची मुभा आधीच मागून ठेवा.

रेमडेसिविरबद्दल भावाला आजच थांबवा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचनेत स्पष्ट म्हटले आहे की ते घरी मिळवण्याचा किंवा देण्याचा प्रयत्न करू नये. ते रुग्णालयातच, डॉक्टरांच्या निर्णयाने दिले जाते. त्यांच्या जिवाची तगमग मला समजते, पण त्यांनी रोज संध्याकाळी तुमच्याशी अर्धा तास बोलावे, त्याचा उपयोग अधिक होईल. व्हॉट्सॲप गट महिनाभर बंद ठेवा.

उत्तर (नाशिक)

मन चिंती ते वैरी न चिंती. सकारात्मक राहा, बातम्या पाहू नका, सगळे ठीक होईल.

उत्तर (निवृत्त परिचारिका, सांगली)

आपला हेतू चांगला आहे, पण घाबरलेल्या माणसाला सकारात्मक राहा म्हटले की भीती वाटणे हाही त्याला स्वतःचाच दोष वाटू लागतो. या दिवसांत भीती वाटणे स्वाभाविक आहे. ताई, रात्री कोणाशीच बोलता आले नाही तर केंद्र सरकारची ‘किरण’ ही विनामूल्य मदतवाहिनी, १८००-५९९-००१९, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीतही बोलता येते. आणि मुलाची चित्रे खुशाल हातात घ्या. त्याच्याकडून तुमच्याकडे येणाऱ्या कागदाने कोणाला काही होणार नाही. फक्त ती परत बाहेर पाठवू नका, खोलीतच भिंतीला लावा.

प्रश्नकर्ती (६ मे २०२१)

सर्वांचे मनापासून आभार. वही सुरू केली आणि कागद पतींनी स्वयंपाकघरात लावला. पहिल्या दोन रात्री जाग आलीच, पण उपकरण त्यांच्याकडे देऊन टाकले असल्याने ते लावण्याचा प्रश्नच उरला नाही. ठरलेल्या वेळी ते ताटाबरोबर स्टुलावर येत असे. ३ तारखेला चालल्यानंतर ९७चे ९५ झाले, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि काळजीचे कारण नसल्याचे कळले. तो फोन मला करावा लागला नाही. आज बारावा दिवस आहे, पाच दिवसांत ताप नाही आणि डॉक्टरांनी विलगीकरण संपवायला सांगितले आहे. भिंतीवर अकरा चित्रे आहेत, त्यातल्या नऊंमध्ये दार आहे.