चेकॉव्ह सखालीनला का गेला, आणि तेही जमिनीवरून?

निवांत_वाचक:
रशियन लेखक चेकॉव्हच्या कथा बऱ्याच वाचल्यात पण त्याच्या आयुष्यातली ही एक गोष्ट काही केल्या पचत नाहीये. १८९० साल, वय तिशीचं, पुश्किन पुरस्कार मिळालेला, नाव झालेलं, खोकल्यातून अधूनमधून रक्त पडतंय, आणि हा उठतो आणि अख्खा सायबेरिया ओलांडून सखालीन बेटावर जातो, जिथे झारचं सरकार कैद्यांना सक्तमजुरीला पाठवायचं. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी पाठवलं नव्हतं. बरं, ओडेसाहून कैदी भरलेली जहाजं थेट सखालीनला जायची ना तेव्हा, मग जमिनीवरून कशाला? आणि तिथे तीन महिन्यांत एकट्याने १०,००० लोकांची शिरगणती केली म्हणतात, हे जरा अतीच वाटतं. कोणी नीट वाचलंय का?

टपालगाडी:
जाताना जमीन आणि येताना समुद्र असा बेत आधीपासूनच होता त्याचा. मॉस्कोहून जुन्या रशियन कॅलेंडरप्रमाणे २१ एप्रिलला निघाला, रेल्वे, मग व्होल्गा आणि कामा नद्यांतून बोट, पुन्हा रेल्वेने त्यूमेन. त्यापुढे रूळच नाहीत, ट्रान्स-सायबेरियन रेल्वेचं काम सुरू झालं १८९१ ला! म्हणजे तिथून बैकल तलाव पार करून पार स्रेतेन्स्कपर्यंत घोडागाडी, चार हजार किलोमीटरच्या वर, स्प्रिंग नसलेली. नद्यांना पूर, रस्त्यात गुडघाभर चिखल, एका रात्री समोरून टपालाच्या रिकाम्या गाड्या भरधाव आल्या, त्यांचे गाडीवान झोपलेले, धडक झाली आणि हा सामानासकट जमिनीवर. बूट इतके घट्ट की गाडीत बसल्या बसल्या सारखे काढून टाचा मोकळ्या करायचा, मग फेल्टचे बूट विकत घेतले तर ते चिखलपाण्यात सडून गेले. हे सगळं घरच्यांना पत्रातून लिहितोय आणि तेही विनोद करत, कमाल आहे. शेवटी अमूर नदीतून बोटीने निकोलायेव्स्क आणि तिथून दुसऱ्या जहाजाने ११ जुलैला सखालीन.
पण जमिनीवरून गेला म्हणूनच त्याला साखळ्या वाजवत चाललेले तीस-चाळीस कैदी त्याच रस्त्यावर दिसले. सुएझमार्गे आरामात डेकवर बसून गेला असता तर ते कुठून दिसणार होतं?

मोजून_मापून:
आकड्याचं बोलू. १०,००० भागिले तीन महिने म्हणजे दिवसाला शंभरावर माणसं. प्रत्येकाचं नाव, वय, धर्म, जन्मगाव, धंदा, लिहितावाचता येतं का, लग्न झालंय का, सगळं विचारायचं, वर एका वस्तीतून दुसरीत जायचं, तेही रस्ते नसलेल्या बेटावर. मला नाही पटत. लेखक मंडळी आकडे फुगवतातच.

लाल_पेन्सिल:
@मोजून_मापून शंका रास्त आहे पण तो स्वतःच या प्रवासावरच्या पुस्तकात कबूल करतो की आकडे काटेकोर नाहीत, आणि शिरगणतीचा मुख्य हेतू निकाल हा नव्हताच, ती करताना जे बघायला मिळेल ते हवं होतं. प्रत्येक माणसाची माहिती लिहिलेली कार्डं मात्र खरीखुरी आहेत, तिथल्याच पोलीस खात्याच्या छापखान्यात छापून घेतलेली, आणि साडेसात हजारांहून जास्त आजही रशियात जपून ठेवलीत. रोज पहाटे पाचला उठायचा. बायकांच्या कार्डावर लाल पेन्सिलने उभी रेघ मारायचा, वेगळा रकाना करण्यापेक्षा हे सोपं म्हणे.
मला विचाराल तर शिरगणती हा त्याचा दाराआड जायचा परवानाच होता. नुसता लेखक म्हणून गेला असता तर अधिकाऱ्यांनी चांगलंचुंगलं दाखवून, जेवायला घालून परत पाठवला असता. हातात कार्ड असलं की कुठल्याही झोपडीत शिरता येतं आणि कुणालाही काहीही विचारता येतं, फक्त राजकीय कैद्यांशी बोलायला मनाई होती. लोकांना स्वतःचं वय माहीत नाही, कोणी म्हणतो तीस असेल नाहीतर पन्नासही असेल. अर्मुदान वस्तीत एका घरी दहा वर्षांचा पोरगा एकटाच होता. बापाचं नाव काय तर माहीत नाही. अरे बापाजवळ राहतोस आणि नाव माहीत नाही? तर म्हणे तो माझा खरा बाप नाही. मग आई विधवा का? हो, नवऱ्यापायी इथे आली. म्हणजे काय? म्हणजे तिने मारला त्याला. पोरगं हे इतक्या सहज सांगतं की पुढचं पान उलटायला वेळ लागतो. असलं काही सरकारी अहवालात सापडणार नाही.

निवांत_वाचक:
बाप रे. पण मग गेला का हे अजून कळलं नाही. भाऊ वारला होता त्याच्या आदल्या वर्षी, त्यामुळे असेल का?

जुनी_वही:
भाऊ निकोलाय १८८९ मध्ये क्षयाने गेला हे खरं, पण सगळं त्याच्यावर ढकलणं मला सोपं उत्तर वाटतं. त्याचा प्रकाशक सुवोरिन म्हणाला होता की सखालीनमध्ये कुणाला काय रस आहे, तर हा चिडला, उत्तरात लिहिलं की हजारो माणसं आपण तिथे सडवतोय आणि म्हणे रस नाही! आणि वैद्यकशास्त्राचं आपल्यावर कर्ज आहे, ते थोडं फेडायचंय असंही लिहिलंय, शेवटी हा डॉक्टरच ना. तिथे एका कैद्याला ९० फटके मारताना बघायला उभा राहिला, मध्येच बाहेर पडला, परत आत गेला, नंतर तीन-चार रात्री स्वप्नात तो फटके मारणारा जल्लादच दिसायचा.
त्याने फरक काय पडला म्हणाल तर पुस्तकाने तुरुंग बंद पडला वगैरे जे लिहितात ते अतिशयोक्त आहे. पुस्तक १८९५ ला आलं, कैद्यांची वसाहत संपली १९०६ ला, दक्षिण सखालीन रशिया-जपान युद्धात जपानकडे गेल्यावर. तोवर चेकॉव्ह वारून दोन वर्षं झाली होती. सखालीनच्या शाळांना पुस्तकं गोळा करून पाठवली ते मात्र लगेच आणि नक्की.

टपालगाडी:
वाचणार असाल तर आधी प्रवासातली पत्रं घ्या, मग पुस्तक. शेती आणि हवामानाची प्रकरणं कंटाळवाणी आहेत, सरळ गाळा, पण बायका आणि मुलांवरची सोडू नका.