पद्मिनी रंगाला देण्याआधी

वडिलांची प्रीमियर पद्मिनी गाडी थेट रंगाला द्यावी की आधी घरी उघडावी, असं तुम्ही विचारलंय. आधी उघडाच. या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दाराखालचा पत्रा आणि फ्लोअर कुजला असेल तर वरचा रंग म्हणजे दगडाला फासलेला शेंदूर. सीट, मॅटिंग काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. कुजक्या पत्र्याचा आवाज बद्द येतो. मग कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक बाहेरून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबीचा, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीचा, जाड थर समजा. माझ्या गाडीच्या मागच्या मडगार्डवरून ते सरळ घसरून पडलं होतं!

क्रोम पट्ट्या, बीडिंग, दिवे स्वतःच काढा. गॅरेजात घाईत क्लिपा तुटतात, मग जुन्या बाजारात चकरा. आधी फोटो, मग नाव लिहिलेल्या पिशव्या. दारं मात्र पत्राकाम होईपर्यंत जागेवर असू द्या, दारांभोवतीच्या फटी त्यांवरूनच जुळवतात.

आणि हो, पावसाळ्यात पत्रा उघडा करू नका, रात्रीतून तांबूस होतो. घासलात तर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा पहिला थर, मारा.