लीच लेक, गवत आणि वॉलआय

नमस्कार मंडळी,

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं मिनेसोटातल्या लीच लेक या तळ्यावर, वॉकर गावाजवळ केबिन घेऊन राहणार आहोत. गेल्या वर्षीही तिथेच होतो. बोटीमागे लूर (माशासारखं नकली आमिष) सोडून ट्रोलिंग केलं, म्हणजे ते ओढत बोट हळूहळू चालवली, पण दर दोन मिनिटांनी गळाला पाण्यातल्या गवताचा झुपका. शेवटी गवत सोडून खोल पाण्यात फिरलो, तर वॉलआय हा मासा एकही नाही. मुलं अगदी हिरमुसली. काय चुकलं असेल?

— प्लिमथहून

*

तुझी मेल वाचली आणि राहवेना, म्हणून लगेच लिहितोय.

गवतापासून लांब गेलात, तिथेच मासा राहिला. जुलैत लीचवर कितीतरी वॉलआय गवतात असतात. त्यांचं खाणं, म्हणजे पिवळा पर्च हा छोटा मासा, तिथेच असतो आणि वर पानांची सावली. वॉलआयच्या डोळ्यात मांजरासारखं चकाकणारं पटल असतं. अंधुक उजेडात पर्चपेक्षा त्याला जास्त दिसतं, म्हणून ऊन उतरलं की तो पानांमधून वर येतो. तेव्हा लूर गवताच्या शेंड्यांवरून न्यायची, आत घुसवायची नाही.

आधी गवत ओळख. हवं ते ‘कॅबेज’: रुंद, कुरकुरीत, तांबूस झाक असलेली पानं. झटका दिला की कडकन तुटतं आणि लूर मोकळी होते. कूनटेल हे दुसरं गवत मऊ असतं, गुंडाळून बसतं, ते सोडून दे. समजा तळ १० फुटांवर आणि शेंडे ५ फुटांवर, तर लूर ४ फुटांवर चालायला हवी. त्यासाठी बारीक, तरंगणारी रापाला कंपनीची लूर घे, ६०-७० फूट लाइन सोड आणि ताशी दोन मैलांच्या आसपास चाल. दर खेपेला गवत आलं तर १० फूट लाइन कमी कर. कधीच लागलं नाही तर १० फूट वाढव. अधूनमधून शेंड्याला हलकं टेकलं पाहिजे.

आणि रॉडचं टोक बघत राहा. लूर नीट पोहत असली की ते सारखं थरथरतं. थरथर थांबली की पान अडकलंय. एक जोरदार झटका दे. पुष्कळदा मासा त्या झटक्यावरच लागतो! लूरच्या दोन फूट पुढे लाइनवर बारीक शिशाचा मणी चिमटून ठेव, म्हणजे वाहतं गवत तिथेच अडतं.

गवताच्या बाहेरच्या कडेने जाताना बोट नागमोडी चालव. वळणावर आतल्या बाजूची लूर मंदावते, बाहेरची वेग घेते. मासा कुठल्या बाजूला लागला ते बघ, त्यावरून त्या दिवसाचा वेग कळतो. दिवसा जायचंच असेल तर वाऱ्याने लाटा आलेला किनारा धर.

एक कळकळीची विनंती. पाण्यातून निघताना बोट आणि ट्रेलरवरचं गवत पूर्ण काढायचं आणि बोटीचं बूच उघडून पाणी सोडायचं. इथे तो कायदाच आहे. युरेशियन मिलफॉइल हे बाहेरून आलेलं गवत १९८७ साली इथल्या लेक मिनेटोन्कात सापडलं आणि नंतर किती तळी त्याने भरली ते आपण बघतोच आहोत. त्याचा एक तुकडाही नव्या तळ्यात मूळ धरतो. ज्या गवताच्या आधाराने वॉलआय जगतो, ते त्याच्याखाली दबून जातं.

मी मूळचा मालवणचा, लहानपणी खाडीत गरवायला जायचो. पाणी वेगळं, पण हाताला कळणारी ती थरथर तीच.

— ब्रेनर्डहून

*

काका,

कालच परतलो. पहिल्या संध्याकाळी लाइन ७० फुटांवर, नुसतं गवत. ५० वर आणली आणि गवत येणं थांबलं. दुसऱ्या दिवशी रात्री पावणेदहाला धाकट्याच्या रॉडचं टोक स्थिर झालं. त्याने तुम्ही सांगितलं तसा झटका दिला, आणि रॉड वाकलेलीच राहिली. १७ इंची वॉलआय! जाळ्यात आला तेव्हा टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे चकाकले, तर धाकट्याने माझा हात घट्ट धरला.

मण्याला हिरव्या पानांची मूठभर जुडी होती, लूर स्वच्छ. धक्क्यावर दोघा मुलांनी टॉर्च लावून ट्रेलरच्या चाकांतलंसुद्धा गवत काढलं. मासा रवा लावून तळला.

— प्लिमथहून