कूलंट कमी होतंय, पण खाली थेंबही नाही (इंदूर)

मल्हारगंजकर
चार सिलिंडरची पेट्रोल गाडी. हजार किलोमीटरला साधारण पाव लिटर कूलंट कमी होतं. पार्किंगमध्ये थेंब नाही, होजपाइप कोरडे, ऑइल स्वच्छ. भेरूघाट चढताना टेंपरेचरचा काटा थोडा वर जातो. गॅरेजमध्ये थेट हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडायला सांगताहेत. त्याआधी काय तपासावं?

पलासिया_गॅरेज
हेडला इतक्यात हात लावू देऊ नका. आधी गार इंजिनवर प्रेशर टेस्ट. रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्या. जास्त दिला तर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकते. वीस मिनिटं हातपंपाचा काटा पाहा, दाब उतरला तर कुठेतरी गळती आहे. गाडी चालू असताना गळती सापडत नाही, कारण तापलेल्या ब्लॉकवर थेंबाची लगेच वाफ होते आणि मागे फक्त रंगीत खपली उरते. टॉर्च घेऊन ती शोधा: थर्मोस्टॅटचं हाउसिंग, वॉटर पंपाचं बारीक भोक, रेडिएटरच्या कडा. झाकणही तपासा. स्प्रिंग ढिली असेल तर घाटात वाफ तिथूनच निघून जाते.

छावणीवाला
दाब उतरला आणि बाहेर ओल नाही, तर गळती आत आहे. डॅशबोर्डखालचा हीटर कोर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) आधी बघा: पायाखालचं कार्पेट चिकट ओलं, काचेवर तेलकट धुकं, गोडसर वास. एसीच्या पाण्याला असा वास नसतो, त्यात गल्लत नको.
मग सगळे स्पार्क प्लग काढा. एखादा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरवर संशय. तासभर दाब ठेवा, इग्निशन तोडा, बाजूला उभे राहून स्टार्टर फिरवा. प्लगच्या भोकातून कूलंटचा फवारा आला तर गास्केट (हेडखालचं सील) गेलं किंवा हेडला तडा. प्लग लावून मात्र फिरवू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

मल्हारगंजकर
दाब हळूहळू उतरला. वॉटर पंपाच्या भोकाखाली गुलाबी खपली आहे, बोटाला ओल लागली. म्हणजे हेड उघडायला नको ना?

पलासिया_गॅरेज
पंपाचं सील गेलंय. तो बदलून पुन्हा दाब द्या, एका गळतीमागे दुसरी लपलेली असू शकते. तेव्हाही दाब उतरला तरच छावणीवाल्यांची प्लगची तपासणी करा. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून ठेवणारी पुली) त्याच वेळी नवे घाला, मजुरी एकदाच पडते. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा; बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसतात. हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत हवा काढा. पातळी इंजिन गार झाल्यावरच बघा.