ल्युबेकचं मारियनकिर्श: मूळचं काय, नंतरचं काय?

एल्बेकाठी:
हॅम्बुर्गहून एका दिवसात उत्तर जर्मनीतल्या ल्युबेकचं मारियनकिर्श (मेरीचं चर्च) बघून यायचं आहे. आई-बाबा सोबत, त्यामुळे जिने नकोत. 1942 च्या बॉम्बहल्ल्यात ते जळालं होतं. आज उभं आहे त्यातलं जुनं कोणतं, हे बघून ओळखता येतं का?

वीटभट्टी:
बऱ्यापैकी येतं. प्रादेशिक गाडीने पाऊण तास, मग होल्स्टेनटोर या जुन्या वेशीवरून चालत पंधराएक मिनिटं. बाराच्या आधी आत असा, कारण खगोलीय घड्याळातल्या बाहुल्या दुपारी बारालाच फिरतात. मूळ घड्याळ जळालं. हे पाउल बेरेन्सचं, 1967 चं.

28-29 मार्चच्या रात्री, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) पहाटेपर्यंत, छप्पर, मनोऱ्यांचे कळस आणि आतलं लाकूडकाम खाक झालं. विटांच्या भिंती नि खांब मध्ययुगीनच आहेत. मधल्या दालनाचं कमानी छत 38.5 मीटरवर आहे. विटांच्या कमानी छतांत याहून उंच जगात नाही. त्यावरचं छप्पर मात्र पुन्हा आग लागू नये म्हणून लाकडाऐवजी हलक्या काँक्रीटचं केलं. खालून ते दिसत नाही.

दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी थांबाच. आधाराच्या तुळया जळाल्या तशा घंटा खाली आपटून फुटल्या. ते तुकडे पडले तिथेच ठेवलेत.

चुनखडी:
भिंतींवरच्या चित्रांबाबत सावध राहा. आगीच्या उष्णतेने चुन्याचे थर सुटले आणि खालची गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन शैलीची चित्रं उघडी पडली, इथवर खरं. 1948 पासून डीट्रिश फाय आणि त्याचा मदतनीस लोथार माल्स्काट यांनी ती ‘दुरुस्त’ केली. वेदीकडच्या भागात वर जवळपास काहीच उरलं नव्हतं, तिथे माल्स्काटने सरळ नवीन संत रंगवले. 1951 मध्ये चर्चच्या सातशेव्या वर्षानिमित्त त्यांवर टपाल तिकिटंही निघाली! 1952 मध्ये माल्स्काटने स्वतःच कबुली दिली, तर आधी कुणी विश्वास ठेवेना. 1955 मध्ये दोघांना शिक्षा झाली. वेदीकडची बनावट चित्रं पुढे धुऊन काढली, म्हणून तिथल्या भिंती आज कोऱ्या वाटतात. मधल्या दालनातली चित्रं मूळची, पण नंतरचा हात फिरलेली.

मूळ वस्तू हवी तर 1337 चं कांस्याचं बाप्तिस्मापात्र बघा. वेदीमागच्या फेरीत वालुकाश्मावर शेवटच्या भोजनाचं शिल्प आहे. त्याच्या कोपऱ्यात खाली एक उंदीर शोधा.

वीटभट्टी:
घड्याळापाशीच मृत्युनृत्याच्या (मृत्यू सगळ्या थरांतल्या माणसांना नाचत नेतो, या विषयाच्या) रंगीत काचेच्या खिडक्याही आहेत, 1950 च्या दशकातल्या, आल्फ्रेड माह्लाउच्या. पंधराव्या शतकातला चित्रकार बेर्न्ट नोट्के याचं मूळ चित्र जळालं, त्याची ही आठवण.

चुनखडी:
थोडी दुरुस्ती. 1942 मध्ये जळाली ती 1701 ची नक्कल. नोट्केचा कापडी पट तेव्हाच जीर्ण झाल्याने बदलला होता. त्याच्या हातचा अशा नृत्याचा एक तुकडा एस्टोनियातल्या टालिनच्या निगुलिस्ते चर्चमध्ये आहे. तेही 1944 मध्ये बॉम्बने जळालं, चित्र वाचलं.

एल्बेकाठी:
आभार! बाहेरून दोन्ही मनोरे एका फोटोत मावतील अशी जागा?

वीटभट्टी:
जवळून नाहीत मावत, सव्वाशे मीटरचे आहेत. जवळच्या पेट्रीकिर्श या दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यावर सुमारे 50 मीटर उंचीला सज्जा आहे, तिथून समोरच दिसतात. लिफ्ट आहे, आई-बाबांनाही नेता येईल. वर वारा फार, स्वेटर असू द्या.