मदत हवी आहे: पाइपलाइनविरोधकांची बाजू मांडायची आहे, एका मुद्द्यावर अडलेय

मृण्मयी_क
परवा वादविवाद स्पर्धा आहे, माझ्याकडे विरोधाची बाजू आलीय. बाकी तयारी झालीय, पण समोरचे हमखास म्हणणार, "पाइपलाइन नाही झाली तर तेल रेल्वेने जाईल, ते जास्त धोक्याचं." याला ठोस उत्तर हवंय. लवकर प्लीज.

उत्तरवाट
विरोध म्हणजे पाइपलाइनला की विरोधकांना? तेलाची की गॅसची? नवी लाइन की जुनीचा विस्तार?

मृण्मयी_क
शीर्षकात आहे की! पाइपलाइनला विरोध. नवी, कच्च्या तेलाची. देश कुठलाही चालेल.

निवृत्त_अभियंता
समोरच्यांचं म्हणणं बरोबरच आहे. २०१३ साली कॅनडात लाक-मेगांतिकला कच्च्या तेलाची मालगाडी घसरून पेटली, ४७ माणसं गेली. मी या कामात वर्षं काढली आहेत. वेल्डचे एक्स-रे होतात, गंज रोखायला विजेचा सौम्य प्रवाह देतात (कॅथोडिक प्रोटेक्शन), पाइपच्या आतून पिग नावाचं यंत्र फिरवून तपासणी होते. लोक हे समजूनच घेत नाहीत.

गोदातीर
काका, ही सगळी तपासणी असूनही २०१० मध्ये मिशिगनला लाइन फुटली आणि तेल कालामाझू नदीत गेलं. कंट्रोल रूममध्ये अलार्म वाजत होते, तरी पंप पुन्हा चालू केले गेले. गळती आहे हे कळायला १७ तास लागले, तेही बाहेरच्या माणसाने फोन केला म्हणून. त्यातलं जड बिटुमेन (डांबरासारखं घट्ट तेल) तळाशी बसलं, ते काढायला वर्षं गेली. रेल्वेच्या अपघातात माणसं मरतात हे खरंच, पण इथे नदी जाते. मृण्मयी, 'सुरक्षित कुणासाठी?' हे विचार.

कोरडवाहू
आपल्याकडे पाइपलाइनसाठी जमीन वापरण्याचा १९६२ चा कायदा बघा. जमीन नावावर राहते, कंपनीला फक्त वापराचा हक्क मिळतो आणि त्याबद्दल बाजारभावाच्या १० टक्के भरपाई. पण त्या पट्ट्यात घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. शेतकरी चिडणार नाही तर काय!

मृण्मयी_क
हे महत्त्वाचं आहे, पण माझा प्रश्न रेल्वेचा आहे.

सूर्यफूल
सगळ्यांनी सौरऊर्जा वापरली तर हा वादच उरणार नाही.

उत्तरवाट
रेल्वेच्या मुद्द्यात एक गृहीतक दडलंय: तेल तेवढंच निघणार, फक्त वाहन बदलणार. कॅनडातून अमेरिकेत तेल आणायच्या कीस्टोन एक्सएल या नियोजित लाइनची क्षमता रोज ८ लाख ३० हजार बॅरल ठरली होती. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या २०१४ च्या अहवालात म्हटलं होतं की लाइन झाली नाही तरी उत्पादनात फारसा फरक पडणार नाही. मग तेलाचे भाव कोसळले आणि २०१५ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारच्याच पर्यावरण संस्थेने हा निष्कर्ष पुन्हा तपासा असं कळवलं. भाव पडले की महागड्या रेल्वेने तेल नेणं परवडत नाही, ते जमिनीतच राहतं. स्वस्त लाइन झाली तर तेच बाहेर येतं. म्हणून तुलना वाहनांची नाही, किती तेल निघणार याची कर.

गोदातीर
शिवाय मार्ग कोण ठरवतं? अमेरिकेतल्या डकोटा अॅक्सेस या तेलाच्या लाइनसाठी बिस्मार्क शहराच्या उत्तरेचा पर्यायही होता. तो सोडून लाइन स्टँडिंग रॉक या राखीव भागातल्या आदिवासींच्या पाण्याच्या साठ्याखालून नेली.

निवृत्त_अभियंता
तो मार्ग लांबीने जास्त होता, हेही सांगा.

गोदातीर
आणि शहराच्या पाण्याचे स्रोत जवळ होते, हेही. शहराच्या पाण्याची काळजी घेतली, मग आदिवासींच्या पाण्याची का नाही?

उत्तरवाट
वेळ किती मिनिटं आहे?

मृण्मयी_क
चार. उत्तरवाट यांचा मुद्दा आधी घेते, मग कालामाझू. डकोटा खंडनासाठी राखून ठेवते. काका, लांबीवरून उलटप्रश्न आला तर काय विचारतील, तेवढं आज रात्री लिहाल का?